जऊळक्याचा मुक्काम

ज्या गावी जाण्यासाठी माणूस घराबाहेर पडतो, त्या गावाची त्याने बरीच माहिती आधीच जमविलेली असते; परंतु ज्या गावी दैवयोगाने अडकून पडावे लागते, ते गावच त्याला चार गोष्टी शिकवून मग सोडते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव आम्हास असे अवचित भेटले. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, म्हणून त्यास ‘जऊळका रेल्वे’ असेही म्हणतात. तेथे आम्ही दोन रात्री काढल्या त्या एका फुटलेल्या टायरापायी. वाचकहो, विषय गद्य खरा. पण ज्या कुटुंबात चार माणसे मोटारीतून प्रवास करतात, त्या प्रत्येक कुटुंबाचा जीव या गद्य वस्तूवर टेकलेला असतो, म्हणून हा वृत्तान्त सांगावासा वाटतो.

२०२५ च्या चैत्रात आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाची मुंज कारंजा येथे करण्याचे ठरले. श्रीनृसिंह सरस्वतींचे ते जन्मस्थान. मातोश्रींची ही इच्छा फार दिवसांची. पुण्याहून आम्ही लहानथोर अकरा जण निघालो. एक लहान मोटार, एक जीपगाडी, आणि जीपगाडीच्या मागे जोडलेली आमची दुचाकी ओढगाडी. ही ओढगाडी आमचे थोरले बंधू अण्णा यांनी २०१४ साली हौसेने बांधवून घेतलेली आहे. तीत माणसे बसत नाहीत. तीत असतो घडीच्या खाटांचा, शेगडीचा, राहुटीचा, शंभर लिटर पाण्याच्या टाकीचा आणि वहिनींच्या पितळी पातेल्यांचा संसार. वर्षातून एकदा तिची यात्रा घडते; उरलेले अकरा महिने ती अंगणात आंब्याखाली उभी असते. दहा-अकरा वर्षांत ती सात हजार किलोमीटरही चालली नसेल, आणि याचा अण्णांना मोठा अभिमान. “टायर पाहा, कसे कोरे करकरीत आहेत!” असे म्हणून ते टायरावरच्या खाचांत नाणे घालून दाखवीत असत.

निघण्यापूर्वी समृद्धी महामार्गाने जावे की जुन्या रस्त्याने, यावर घरात थोडा खल झाला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तेथे वाहनांचे टायर फुटण्याची इतकी चर्चा झाली की परिवहन खात्याने प्रवेशद्वाराशी टायरांची तपासणी आरंभिली. त्या सिमेंटच्या वाटेवर ओढगाडी घेऊन वेगात जाणे नको, या विचाराने आम्ही जुना रस्ता धरला. जालना, सिंदखेडराजा, मेहकर, डोणगाव, मालेगाव असा तो रस्ता. रस्ता बदलला म्हणजे संकट टळले, असे आम्ही समजलो. टायर मात्र तेच होते.

मेहकर सोडल्यापासून वऱ्हाडचे रूप डोळ्यांत भरू लागते. काळ्या मातीची उघडी शेते, तूर काढून उरलेले खुंट, मधूनच कडुनिंबाची दाट सावली, आणि दूरवर एखाद्या नाल्याच्या काठी मान उंचावून उभा असलेला रोही. दुपारचे तीन वाजले असतील. मालेगाव मागे टाकून आम्ही जऊळक्याच्या शिवारात आलो, तोच मागे बार उडाल्यासारखा आवाज झाला. ओढगाडी डावीकडे खचली व शेपटीसारखी दोन्ही अंगांस झोकांड्या खाऊ लागली. आमच्या थोरल्या पुतण्याने जीपगाडी चालविताना प्रसंगावधान राखले. त्याने एकदम ब्रेक न दाबता केवळ वेग सोडला व सुकाणू सरळ धरून ठेवले, म्हणून ती कलंडली नाही. मागून एका दुचाकीवर एक जोडपे लहान मूल घेऊन येत होते. ते रस्त्याखाली मातीत उतरले व थांबले. कोणासही ओरखडा उमटला नाही. त्या बाईने पदराने मुलाचे तोंड पुसले आणि आमच्याकडे नुसते पाहिले. ती दृष्टी आम्ही अद्याप विसरलो नाही.

अण्णांचे मत असे पडले की, खिळा लागला असेल. जवळचे जादा चाक चढवावे व पुढे निघावे. मुहूर्त तिसऱ्या दिवशी सकाळचा, कारंजा दोन तासांच्या वाटेवर. घाई कोणासही होतीच. जादा चाक लावून आम्ही सावकाश गावातल्या टायरवाल्या मिस्त्रींच्या दुकानी आलो. लिंबाखाली पत्र्याचे छप्पर, बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाके ओळीने निजविलेली, आणि पाण्याच्या हौदात बुडबुडे शोधणारा एक पोरगा. मिस्त्रींनी फुटका टायर उलटून पाहिला, मग गाडीवरचा धडका पाहिला, मग जादा चाक पाहिले, आणि हात पुसून म्हणाले, “साहेब, हा टायर झिजून नाही मेला जी. बसून बसून मेला.”

अण्णांनी नाण्याचा प्रयोग करून दाखविला. मिस्त्रींनी हसून टायराच्या कुशीवर बोट ठेवले. तेथे रबराला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. ऊन आणि हवेतील ओझोन यांनी रबर विटते, आणि चाक फिरत असले म्हणजे त्यातील रक्षक द्रव्ये पृष्ठावर येत राहतात; उभ्या गाडीला तेवढेही भाग्य नाही. मग त्यांनी कुशीवरचे चार आकडे वाचावयास सांगितले. आकडे होते १९१४. “पैले दोन आकडे आठवड्याचे, दुसरे दोन वर्साचे. २०१४ सालच्या एकोणिसाव्या आठवड्यातला माल हाये. तुमच्या मुंजीच्या पोराहून तीन वर्सानं मोठा हाये हा.” बटूचे वय आठ. सर्व हसले, अण्णा हसले नाहीत. टायर बनविणाऱ्यांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की, पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि खाचा कितीही खोल असोत, दहा वर्षांपुढे तो वापरू नये. तो आम्ही कोणी वाचला नव्हता. ज्या न वापरण्याचा आम्हास अभिमान होता, त्यानेच टायर मारले होते. आणि जादा चाकही त्याच आठवड्यातले निघाले.

दुसरी परीक्षा वजनाची. जवळच तूर-सोयाबीनच्या गाड्या तोलण्याचा काटा होता. मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही ओढगाडीची दोन्ही चाके काट्यावर घेतली. जीपगाडी काट्याबाहेर राहिली. काट्याने ७४० किलो दाखविले. मग एकटे डावे चाक काट्यावर घेतले, तेव्हा ४१० भरले. म्हणजे उजव्यावर ३३०. पाण्याची टाकी आणि पितळी पातेली दोन्ही डाव्या अंगास, त्याचा हा परिणाम. आता टायरावर लिहिले होते १४५/८० आर १२, आणि पुढे ७४ टी. यांतील ७४ हा भाराचा अंक. त्याचा अर्थ एका टायराने फार तर ३७५ किलो वाहावे. डावा टायर आपल्या शक्तीपेक्षा ३५ किलो अधिक वाहत होता. शिवाय हा लहान मोटारीचा टायर. अमेरिकेत मोटारीचा टायर ओढगाडीस लावावयाचा तर त्याची भारशक्ती १.१० ने भागून धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने ३७५ चे ३४० च उरतात. आम्ही दोन टायरांचे मिळून साडेसातशे धरून निश्चिंत होतो. बेरीज बरोबर होती; वाटणी चुकली होती. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस यावर अधिक भाष्य नको.

येथे ओढगाडीच्या चाकाचा धर्म थोडा सांगितला पाहिजे. मोटारीची चाके ओढतात, वळतात, थांबवितात. ओढगाडीच्या चाकाला केवळ ओझे वाहत मागोमाग जावयाचे असते, आणि वळणावर ते अंगावर घासत फिरते. म्हणून त्याची कूस ताठ हवी. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी निराळे टायर मिळतात व त्यांवर ‘एस. टी.’ अशी अक्षरे असतात. आपल्याकडे त्या अक्षरांचा अर्थ लाल गाडी एवढाच. मग जऊळक्यास पर्याय काय? मिस्त्री म्हणाले, “छोट्या हत्तीचे टायर घाला.” टाटांच्या ‘एस’ या लहान मालमोटारीस आपल्याकडे सर्वत्र छोटा हत्ती म्हणतात. तिचा टायर १४५ आर १२ एल. टी., ८ पी. आर. म्हणजे बारा इंची रिमेचा, उंचीने आमच्या टायराच्या जवळपास, पण भाराचा अंक ८६ असलेला. एकटा टायर ५३० किलो वाहील असा. आठ पी. आर. याचा अर्थ आत आठ थर आहेत असा मात्र नव्हे. पूर्वी टायराच्या पोटात सुती कापडाचे थर असत व त्यांच्या संख्येवरून बळ ठरे. सूत गेले, नायलॉन व पोलाद आले, पण मोजण्याची भाषा सुताचीच राहिली. कापसाच्या मुलखात हे ऐकून भोवती जमलेल्या शेतकरी मंडळींस फार गंमत वाटली.

तसे टायर दुकानात नव्हते. अकोल्याहून मागवावे लागणार होते. पोरगा म्हणाला, मापाचा एक वापरलेला टायर आहे, पाचशे रुपयांत आत्ता लावून देतो. टायर काळ्या पॉलिशने चकाकत होता. अण्णांचा हात खिशाकडे गेला. खरे सांगावयाचे तर आमचाही कौल तिकडेच होता. दोन तासांचा तर प्रश्न! मिस्त्री काही बोलले नाहीत. मातोश्री लिंबाखाली खाटेवर बसून सारे ऐकत होत्या. त्यांनी विचारले, “या टायराचे वय किती?” पोराने आकडे शोधले, ते घासून गेले होते. “ज्याचा जन्म ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर लेकराला नेत नाही मी. आणि मघाचे ते मूल कोणाचे होते, ते तरी आपल्याला कोठे ठाऊक आहे? मुहूर्त मुलाचा आहे, भांड्यांचा नाही. वेळ पडली तर मुलगा पुढे जाईल, गाडी मागून येईल.” यावर घरात अपील नाही. आम्ही जऊळक्यास मुक्काम केला.

गावातील एका गृहस्थांनी आपली ओसरी मोकळी करून दिली. ओळख ना देख. पण अकरा पाने मांडली गेली. ज्वारीची भाकरी, पातोड्यांचा झणझणीत रस्सा आणि कैरीचे पन्हे. जेवणानंतर त्यांचे वृद्ध वडील चाकांच्या गोष्टी सांगू लागले. त्यांच्या लहानपणी बैलगाडीच्या लाकडी चाकास लोखंडी धाव चढवीत. लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करी, ती फुगली म्हणजे चाकावर बसवी व लगेच पाणी ओती. निवताना ती आवळून आरे आणि तुंबा यांस वज्रासारखी मिठी मारी. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव ढिली झाली तर चाक नाल्यात उभे करून भिजवीत. ज्या आगीने लोखंडी धाव घट्ट बसे, तीच आग रबरी धावेचा घात करते, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला. ओझे जास्त आणि हवा कमी असली म्हणजे रबर प्रत्येक फेऱ्यात दबते व उठते, त्याने आतून तापते, आणि थरांना धरून ठेवणारा चिकटा सुटतो. आमचा टायर वैशाखाची वाट न पाहता चैत्रातच फुटला, त्याचे मूळ हे.

हवेच्या धावेची युक्ती प्रथम रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली नोंदविली व ती लोक विसरले. १८८८ साली बेलफास्टच्या डनलप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तिचाकीसाठी ती पुन्हा शोधली. १९३६ साली बंगालमधील साहागंज येथे डनलपचा कारखाना निघाला, आणि पुढे आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीलाच कित्येक ठिकाणी ‘डनलप’ म्हणू लागले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही तोच शब्द वापरला. बैलगाडीचे टायर आपल्या देशात आजही निराळ्या वर्गाचे म्हणून तयार होतात. बैलाचा खांदा वाचला, रस्त्याची चाकोरी कमी खोल झाली. पण लोहाराचा भाता थंडावला, हेही त्यांनी सांगितले.

रात्री स्थानकावरून गाडी गेली तेव्हा ओसरीची कौले किंचित किणकिणली. पूर्वी हा मार्ग मीटर रुंदीचा होता; २००८ साली अकोला ते पूर्णा हा भाग रुंद झाला. रूळ पावणेसात दशांश मीटरने रुंदावले, तर जुन्या गाडीचे एकही चाक उपयोगी पडले नाही. वाट आणि चाक यांचे नाते असे काटेकोर असते. गप्पांत शिरपूरचा विषय निघाला. याच तालुक्यातील शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी राहते, अशी जैन बांधवांची श्रद्धा आहे. मातोश्रींनी हात जोडले व म्हणाल्या, “देवाला ते साधते. आपल्याला भुईवर टेकूनच चालायचे आहे. तेव्हा टेकायची जागा बळकट हवी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अकोल्याहून दोन टायर आले. आता अण्णांनी चष्मा चढविला व प्रथम चार आकडे शोधले. एक टायर चार महिन्यांपूर्वीचा होता. दुसरा नवाच, पण दुकानात पडून चार वर्षे झालेला. दुकानदाराचा निरोप आला की, चार वर्षांनी काय बिघडते? अण्णा, जे कालपर्यंत अकरा वर्षांचे टायर मिरवीत होते, ते म्हणाले, “आमच्या अंगणात त्याला आणखी सहा वर्षे काढावयाची आहेत, त्यांतली चार तुम्हीच खाल्लीत.” टायर परत गेला. एका आखावर दोन्ही टायर सारखे, एकाच जातीचे असावेत, म्हणून तसाच दुसरा सायंकाळच्या गाडीने धाडण्याचे ठरले. सायंकाळची गाडी आली, टायर आला नाही. तेव्हा मातोश्रींच्या शब्दाप्रमाणे बटू, त्याचे आईबाप व बाकीची मंडळी लहान मोटार व एक भाड्याची गाडी करून, पंगतीचा शिधा बरोबर घेऊन, पुढे कारंजास गेली. अण्णा, थोरला पुतण्या व आम्ही मागे राहिलो.

मधल्या वेळात मिस्त्रींनी जुन्या रिमा गंजरहित व सरळ आहेत आणि अधिक हवेचा दाब सोसतील अशा आहेत ना, हे तपासले, विटलेल्या रबरी नळ्या काढून नव्या बसविल्या. आम्ही पाण्याची टाकी रिकामी करून मधोमध आणली, पातेली उजवीकडे हलविली. पुन्हा काट्यावर गेलो. उरलेले ओझे दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखे भरले. ओझे हलविण्यास एक पैसा पडला नाही. अकरा वर्षांत ते सुचले नव्हते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी साडेसहापर्यंत वाट पाहावी, मग ओढगाडी तेथेच ठेवून निघावे, असे ठरले होते. सहा वाजून वीस मिनिटांनी पहिली एस. टी. आली व तिच्यातून टायर उतरला. अमेरिकेतला नव्हे, तरी आमचा टायर अखेर एस. टी. चाच ठरला! मिस्त्रींनी तो चढविला. कारखान्याचा तक्ता पाहून, ओझ्याच्या मानाने ५० पौंड हवा भरली. मोटारीप्रमाणे ३० पौंड भरण्याची आमची जुनी चूक त्यांनी दाखविली. हवा चाक थंड असतानाच मोजावी, आणि नटबोल्ट पन्नास-साठ किलोमीटरवर पुन्हा आवळावेत, असे बजाविले. नायट्रोजन भरावा काय, असे पुतण्याने विचारले; तेव्हा ते म्हणाले, साध्या हवेतही बहुतेक तोच असतो, ती महिन्याला मोजत जा म्हणजे झाले. मजुरी त्यांनी ठरल्याहून एक रुपया अधिक घेतली नाही.

सात वाजता निघालो. ताशी साठच्या वर पुतण्याने काटा जाऊ दिला नाही. ओढगाडी मागे आहे की नाही, हे आरशात पाहावे लागे, इतकी ती सरळ चालत होती. वाटेत थांबून बोल्ट आवळले. त्यात पाच मिनिटे गेली. कारंजास पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मुहूर्त आठ बावन्नचा होता. अक्षता पडून गेल्या होत्या, आणि आम्हा तिघांच्या मुठीतल्या मुठीतच राहिल्या. अण्णा काही वेळ मांडवाबाहेर उभे राहिले. वापरलेला टायर लावला असता तर कदाचित वेळेवर पोहोचलोही असतो. हे त्यांच्या मनात आले असेल, आमच्या तर आलेच. पण त्या ‘कदाचित’ मध्ये रस्त्याखाली उतरलेली ती दुचाकीही होती.

भिक्षावळीस मात्र आम्ही होतो. बटू झोळी घेऊन अण्णांपुढे आला. त्यांनी लाडू घातला, आणि खिशातून जऊळक्यास विकत घेतलेला हवा मोजण्याचा काटा काढून तोही झोळीत टाकला. भटजी चकित झाले, मातोश्री हसल्या. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बटू ओढगाडीच्या चाकांची हवा मोजतो व वहीत मांडतो. ओढगाडी आता आंब्याखाली उभी असली तरी तिचा आख लाकडी ठोकळ्यांवर टेकविलेला असतो, चाके भुईपासून सुटी असतात, व त्यांवर ऊन लागू नये म्हणून जाड कापड असते. वहीच्या पहिल्या पानावर अण्णांच्या अक्षरात दोन्ही टायरांचे जन्मसाल आणि शेजारी निवृत्तीचे साल लिहिलेले आहे.

आपल्या घरांत जपून ठेवलेल्या वस्तूंचा मोठा मान असतो; न वापरलेली वस्तू ती नवी, अशी आपली समजूत. पितळेला ती लागू पडते, शालूला बरीचशी लागू पडते, रबराला पडत नाही. एवढे शहाणपण शिकावयास आम्हास जऊळक्यास दोन रात्री राहावे लागले. परतताना आम्ही मुद्दाम तेथे थांबलो. ओसरीवाल्या गृहस्थांस मुंजीचे लाडू दिले, मिस्त्रींस दिले. त्यांनी लाडू हाती घेण्यापूर्वी सवयीने चाकाजवळ बसून टायराच्या कुशीवरून बोट फिरविले, आणि मग म्हणाले, “चांगलं हाये जी. या आता.”